मागे सरकत गेलेला कवी : लँग्स्टन ह्यूज



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी वर्गात कविता आधी मोठ्याने म्हणून दाखवत आणि अर्थाकडे मागाहून वळत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आज ज्या कवीविषयी बोलायचं आहे, त्याच्या कवितेत शिरायची वाटही तीच आहे. लँग्स्टन ह्यूज हा आधी कानाचा कवी.

१९०१ साली अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या जॉप्लिन गावी तो जन्मला आणि १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये वारला. मधल्या काळात त्याने कविता, कथा, कादंबऱ्या, नाटकं, मुलांसाठी पुस्तकं, आत्मचरित्राचे दोन खंड, भाषांतरं आणि वीस वर्षांहून जास्त चाललेलं वृत्तपत्रीय सदर एवढं सगळं लिहिलं. निव्वळ लेखणीवर पोट भरणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांत त्याची गणना होते. त्याच्या दोन-चार कविता तिथल्या शाळकरी मुलांना तोंडपाठ असतात. नेमकी हीच गोष्ट त्याला भोवली. शाळेत पाठ होणारा कवी म्हणजे सोपा कवी, असं समीक्षेने परस्पर ठरवून टाकलं. एलियटवर, वॉलेस स्टीव्हन्सवर ग्रंथांच्या राशी पडत होत्या तेव्हा ह्यूजची बोळवण ‘लोकप्रिय’ या एका शब्दात होत होती.

माझं म्हणणं असं आहे की हा सोपेपणा त्याने कष्टाने कमावला. तो कसा, हे पाहायला मी एकच धागा धरणार आहे. ह्यूजच्या कवितेत बोलणारा कोण आहे आणि खुद्द कवी कुठे उभा आहे, एवढंच पाहत जाऊ. सुरुवातीला तो मंचाच्या मधोमध उभा होता. पुढच्या तीस वर्षांत तो एकेक पाऊल मागे सरकला आणि रिकाम्या झालेल्या जागेत इतर माणसं येऊन बोलू लागली.

घरची हकिगत थोडक्यात सांगतो. आईवडिलांचं पटलं नाही. वडील जेम्स ह्यूज अमेरिकेतल्या वर्णद्वेषाला कंटाळून मेक्सिकोत गेले, तिथे त्यांनी पैसा कमावला, आणि आश्चर्य म्हणजे आपल्याच लोकांचा मनापासून तिरस्कार करू लागले. गरीब काळ्या माणसाची गरिबी हा त्याचाच दोष, असं त्यांचं मत. मुलगा वाढला तो कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी, आजीजवळ. या आजीचा पहिला नवरा १८५९ साली जॉन ब्राउनबरोबर हार्पर्स फेरीच्या उठावात मारला गेला होता. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांच्या गोष्टी ती नातवाला सांगे. त्या गोष्टींत कुणी रडत नसे, असं ह्यूजने पुढे लिहून ठेवलं आहे. एकीकडे ही आजी आणि दुसरीकडे ते वडील, अशा ओढाताणीत हा कवी घडला.

१९२० साली तो वडिलांना भेटायला आगगाडीने मेक्सिकोला निघाला. सेंट लुइसजवळ संध्याकाळच्या वेळी गाडी मिसिसिपी नदीवरच्या पुलावर आली. वडिलांना आपल्या माणसांचा इतका राग का, हा विचार डोक्यात चालला होता. खिशात वडिलांचंच पत्र होतं. त्या पत्राच्या पाकिटाच्या पाठीवर त्याने दहा-पंधरा मिनिटांत एक कविता लिहून काढली. ‘द निग्रो स्पीक्स ऑफ रिव्हर्स’ ही ती कविता. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या ‘द क्रायसिस’ या मासिकात ती जून १९२१ मध्ये छापून आली.

या कवितेतला ‘मी’ नीट पाहण्यासारखा आहे. तो युफ्रेटिसच्या काठी होता, काँगोच्या काठी झोपला, नाईलच्या काठी पिरॅमिड उभे राहताना हजर होता आणि शेवटी मिसिसिपीपाशी आला. लिहिणारा मुलगा एकोणीस वर्षांचा, आणि बोलणारा हजारो वर्षांचा आहे. असा अफाट ‘मी’ त्याला वॉल्ट व्हिटमनकडून मिळाला होता. मात्र व्हिटमनचा ‘मी’ भेटेल त्याला आपल्यात सामावून घेत पसरत जातो. ह्यूजचा ‘मी’ एका लोकसमूहाचं वय सांगतो. लांब, मुक्त ओळी, प्रवचनासारखी संथ लय आणि तक्रारीचा एकही सूर नाही. गुलामगिरीचा उल्लेखही लिंकनच्या न्यू ऑर्लिन्सपर्यंतच्या प्रवासाच्या आडून येतो. वडिलांच्या तिरस्काराला मुलाने वाद न घालता वंशावळ पुढे करून उत्तर दिलं. कविता मोठीच आहे. पण हा कवी अजून समाजाच्या वतीने बोलतो आहे. समाज स्वतः बोलू लागायला काही वर्षं जायची होती.

वडिलांनी पैसे दिले ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी. हार्टली हॉल या वसतिगृहातली खोली ह्यूजने मेक्सिकोहून पत्राने राखून ठेवली होती. १९२१च्या सप्टेंबरात तो किल्ली घ्यायला खिडकीपाशी उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पाहून कारकुनाची पंचाईत झाली. खोल्या संपल्या, काहीतरी घोटाळा झाला असेल, अशी टोलवाटोलवी झाली. नोंदणी आधीच झालेली असल्यामुळे अखेर खोली द्यावी लागली. याच हार्टली हॉलमध्ये आठ वर्षांपूर्वी, जुलै १९१३ मध्ये, मुंबईहून आलेल्या एका विद्यार्थ्याने अमेरिकेतले पहिले काही दिवस काढले होते. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. पण शहर एक, विद्यापीठ एक, इमारतही एक, आणि दोघांच्याही पुढे आयुष्यभर जन्मावरून माणसाची जागा ठरवणाऱ्या समाजाशीच झगडा होता. म्हणून ही नोंद मराठी श्रोत्यांपुढे करावीशी वाटली.

ह्यूजचं कोलंबियात मन रमलं नाही. वर्षभरात त्याने विद्यापीठ सोडलं. त्याचा जीव गुंतला होता तो टेकडीखाली पसरलेल्या हार्लेममध्ये. दक्षिणेतली शेतमजुरी, वेगळ्या नळांचे आणि वेगळ्या डब्यांचे कायदे, जमावाने झाडाला टांगून घेतलेले बळी, हे सगळं मागे टाकून कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडच्या शहरांत येत होती. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख लोकांनी असं स्थलांतर केलं. हार्लेम हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं ठिकाण. तिथे येताना माणसांनी बोचक्यांबरोबर आपली गाणीही आणली. त्यातलं एक गाणं म्हणजे ब्लूज.

मधली दोन-तीन वर्षं ह्यूजने मिळेल ते काम केलं. मालवाहू बोटीवर चढून पश्चिम आफ्रिकेला गेला, पॅरिसच्या नाइटक्लबात भांडी घासली, वॉशिंग्टनच्या वॉर्डमन पार्क हॉटेलात टेबलं पुसली. तिथे १९२५ साली कवी व्हेचल लिंडसे जेवायला आले असता या पोऱ्याने आपल्या तीन कविता गुपचूप त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या. लिंडसेंनी त्याच रात्री त्या आपल्या कार्यक्रमात वाचून दाखवल्या. वर्तमानपत्रांना आयतीच बातमी मिळाली. पण त्याच वर्षी ‘ऑपॉर्च्युनिटी’ मासिकाच्या स्पर्धेत त्याच्या कवितेला पहिलं बक्षीस मिळालं, ही घटना मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘द वेअरी ब्लूज’ ही ती कविता, आणि १९२६ साली आलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहाचं नावही तेच.

इथे थोडं थांबून ब्लूजची बांधणी पाहू, कारण त्यावाचून ह्यूजची कारागिरी दिसत नाही. ब्लूजचं एक कडवं बारा मात्राखंडांचं असतं आणि त्यात तीन ओळी असतात. पहिल्या ओळीत गाणारा आपलं दुखणं सांगतो. दुसरी ओळ बहुतेक पहिलीच पुन्हा म्हणतो. तिसऱ्या ओळीत यमक जुळवून काहीतरी निकाल लावतो. प्रत्येक ओळीला चार खंड मिळतात. त्यातले साधारण दोन गाण्यात जातात आणि उरलेल्या दोनांत गिटार किंवा पियानो जबाब देतो. दुसऱ्यांदा तीच ओळ म्हणताना गाणाऱ्याला तिसरी ओळ सुचायला उसंत मिळते आणि ऐकणाऱ्याची उत्सुकता ताणली जाते. तिसऱ्या ओळीत पुष्कळदा विनोद असतो. घरभाडं थकलंय, बाई सोडून गेलीय, नदी चढतेय, आणि गाणारा शेवटी असं काही बोलतो की हसू फुटतं. रडायचं नाही म्हणून हसायचं, ही ब्लूजची रीत.

आता हे कागदावर आणायचं म्हटलं तर पंचाईत होते. कागदावर गिटार नाही, गळा नाही. तीच ओळ दोनदा छापली तर वाचकाची नजर दुसरी ओळ सोडून पुढे जाते. ह्यूजने दोन गोष्टी केल्या. त्याने प्रत्येक ओळ मधोमध मोडून तिच्या दोन ओळी केल्या, म्हणजे तीन ओळींचं कडवं सहा ओळींचं झालं. जिथे गाणारा श्वास घेईल तिथे ओळ तुटते, म्हणून डोळ्यालाही तिथे थांबावंच लागतं. शिवाय दुसऱ्यांदा येणाऱ्या ओळीत तो बारीकसा बदल करतो. कुठे एक हाक वाढवतो, कुठे एखादा शब्द गाळतो. वाचक तो फरक टिपतो आणि त्याच्याही नकळत ओळ मनात म्हणून बघतो. गिटारने भरायची जागा अशी वाचकाच्या कानाने भरून निघते. वाचताना हे सगळं सहज वाटतं. स्वतः तसं कडवं जुळवायला बसलं की ते किती कठीण आहे ते कळतं.

‘द वेअरी ब्लूज’ या कवितेत मात्र हा प्रयोग अर्ध्यावर आहे. लेनॉक्स अव्हेन्यूवर रात्री कुणीतरी पियानो वाजवत गातो आहे आणि कवी ते ऐकतो आहे. कवीची इंग्रजी शिकलेल्या माणसाची आहे, गाणाऱ्याची त्याच्या गावची. गाण्याची कडवी अवतरणात येतात आणि भोवती कवीच्या निवेदनाची चौकट आहे. ‘मी हे ऐकलं’ असं सांगणारा मध्यस्थ अजून दाराशी उभा आहे. पहिल्या कवितेत सगळ्यांच्या वतीने बोलणारा कवी इथे श्रोता झाला, म्हणजे तो एक पाऊल मागे सरला.

याच वर्षी, २३ जून १९२६ रोजी, ‘द नेशन’ साप्ताहिकात त्याचा गाजलेला निबंध आला : ‘द निग्रो आर्टिस्ट अँड द रेशियल माउंटन’. एक तरुण कृष्णवर्णीय कवी त्याला म्हणाला होता की मला फक्त कवी व्हायचंय, निग्रो कवी नाही. या वाक्याच्या तळाशी गोरं होण्याची इच्छा आहे, असं ह्यूजने लिहिलं. रोख होता आपल्याच समाजातल्या सुस्थित वर्गाकडे. या वर्गाच्या घरात मूल दंगा करू लागलं की काळ्यांसारखं वागू नकोस म्हणून दटावत, चर्चमध्ये ठेवणीतली भजनं म्हणत, आणि ब्लूज म्हणजे पिठ्यातलं गाणं म्हणून नाक मुरडत. गोऱ्यांना आवडो न आवडो, आपल्याच माणसांना आवडो न आवडो, आम्ही जसे आहोत तसे लिहू, असा या निबंधाचा एकंदर सूर आहे. वर्णद्वेषाविरुद्ध लिहिणारे त्या काळी कमी नव्हते. आपल्या लोकांत दाखवण्याजोगं काय आणि झाकण्याजोगं काय, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, असं घरातच विचारणारे फार थोडे होते.

त्याची किंमत लगेच मोजावी लागली. १९२७ साली ‘फाइन क्लोद्‌ज टू द ज्यू’ हा दुसरा संग्रह आला. कपडे गहाण टाकण्याच्या संदर्भातलं हे शीर्षक वाईटच होतं, आणि ते चुकलंच असं पुढे ह्यूजनेही मान्य केलं. पण आतल्या कवितांत त्याने मोठी झेप घेतली होती. निवेदकाची चौकट त्याने काढूनच टाकली. हॉटेलात पिकदाण्या घासणारा पोऱ्या, नवऱ्याचा मार खाणारी बाई, लिफ्ट चालवणारा, जुगारी, प्रार्थना करणारी म्हातारी, हे सगळे थेट बोलतात. त्यांना कुणी पेश करत नाही, त्यांच्यासाठी कुणी माफी मागत नाही. कृष्णवर्णीयांच्याच वर्तमानपत्रांनी या पुस्तकावर आसूड ओढले. एकाने त्याला कचरा म्हटलं, एकाने कवीला गटारात राहणारा म्हटलं. गोरे लोक आधीच आपल्याला हीन समजतात, त्यांच्या हाती हा पुरावा कशाला द्यायचा, अशी टीकाकारांची भीती होती. ती भीती खोटी नव्हती. पण तिच्यापायी पिकदाणी घासणाऱ्याला कवितेबाहेर ठेवावं लागलं असतं, आणि ते ह्यूजला मंजूर नव्हतं.

दुसऱ्या बाजूचं दडपणही होतं. शार्लट मेसन नावाची एक धनाढ्य गोरी बाई त्याला महिना १५० डॉलर देत असे. तिला काळ्या माणसात काहीतरी आदिम, निर्मळ, आफ्रिकेच्या रानातलं सापडेल अशी आशा होती. मी आफ्रिकेचा नाही, शिकागोचा, कॅन्सस सिटीचा, हार्लेमचा आहे, अशी ह्यूजची अडचण. १९३० साली हे संबंध तुटले, आणि तुटले ते त्याला आजारी पाडूनच. स्वकीयांना त्याच्याकडून प्रतिष्ठित काळा माणूस हवा होता, आश्रयदातीला रानातला. हॉटेलात राबणारा काळा माणूस या दोघांच्याही यादीत नव्हता.

मग त्याने तिसरी वाट धरली. १९३१ साली शिक्षणकार्यकर्त्या मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांच्या सल्ल्यावरून तो दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला. शाळांत, चर्चमध्ये, छोट्या गावांत तो कविता वाचत हिंडला आणि २५ सेंटला एक पुस्तिका विकत राहिला. स्कॉट्सबरो खटल्यात खोट्या आरोपावरून फाशीची शिक्षा झालेल्या मुलांना तुरुंगात जाऊन भेटला. आपला वाचक कोण, तो पुस्तकाला किती पैसे देऊ शकतो, कविता ऐकताना कुठे हसतो आणि कुठे गप्प होतो, हे त्याने समोर उभं राहून पाहिलं. आधुनिक कवींत असं शिक्षण फार थोड्यांनी घेतलं आहे.

१९३०च्या दशकातली त्याची राजकीय कविता मला संमिश्र वाटते. १९३२ साली तो सोव्हिएत रशियात गेला, १९३७ साली यादवी युद्धाच्या बातम्या पाठवायला स्पेनमध्ये. या काळातल्या बऱ्याच कवितांत भाषण करणारा ‘मी’ पुन्हा पुढे येतो आणि मागच्या माणसांचे आवाज दबतात. राग खरा आहे, बाजूही न्यायाची आहे, पण ओळी सभेसाठी लिहिलेल्या आहेत आणि सभेबरोबर संपतात. जिथे तो एखाद्या मोलकरणीला किंवा भाडेकरूला बोलू देतो, तिथे तोच राग आजही टिकून आहे. १९४३ची ‘गांधी इज फास्टिंग’ ही छोटी कविता या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचा २१ दिवसांचा उपास चालला होता. हार्लेममधला हा कवी त्या उपासाची सांगड थेट अमेरिकेतल्या जिम क्रो, म्हणजे वर्णभेदाच्या, कायद्यांशी घालतो. गोरे नसलेल्यांवर जुलूम करणं बरोबर नाही, हे तो ब्रिटनला सुनावतो आणि अमेरिकाही तेच करते हेही कबूल करतो.

त्याच वर्षी ‘शिकागो डिफेंडर’मधल्या त्याच्या सदरात जेसी बी. सेंपल अवतरला. लोक त्याला सिंपल म्हणत. त्याचा जन्म कसा झाला हे ह्यूजने सांगितलं आहे. हार्लेमच्या एका गुत्त्यात युद्धसामग्रीच्या कारखान्यातला एक कामगार भेटला. काय बनवतोस विचारलं तर म्हणाला, क्रँक. कशाचे क्रँक, ते ठाऊक नाही. शेजारी बसलेली मैत्रीण वैतागली, इतके दिवस काम करतोस आणि कशासाठी ते माहीत नाही? तो म्हणाला, गोरे लोक काळ्या माणसाला असलं काही सांगत नाहीत. या उत्तरात एका मजुराचं आयुष्य आहे, राजकारण आहे आणि हसूही आहे. ह्यूजने त्यावरून पात्र उभं केलं. सदरात एक शिकलेला निवेदक आहे, पण त्याचं काम बीअरचे पैसे देणं, अधूनमधून शंका काढणं आणि वादात हरणं एवढंच. खरा वक्ता सिंपल. विशीतल्या ह्यूजने जो निवेदक गंभीरपणे दाराशी उभा केला होता, त्याला चाळिशीतल्या ह्यूजने विनोदाचं गिऱ्हाईक केलं.

या साऱ्या प्रवासाचा कळस म्हणजे १९५१चं ‘मोंटाज ऑफ अ ड्रीम डिफर्ड’. तोवर ब्लूज मागे पडून बीबॉप नावाचं नवं जॅझ आलं होतं. हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउससारख्या ठिकाणी चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी मंडळी सूर मध्येच तोडत, लय उलटवत, एकमेकांना छेद देत वाजवत होती. ह्यूजने अख्खं पुस्तक त्या धर्तीवर रचलं. छोट्या छोट्या कविता आहेत, पण सगळ्या मिळून एकच दीर्घ कविता. भाडेकरू आणि घरमालक यांची वादावादी, कॉलेजातल्या मुलाने मास्तरांना लिहिलेला निबंध, रेडिओची जाहिरात, जिन्यातल्या कुचाळक्या, रात्री उशिरा परतणारी माणसं. कुणी अर्ध्यात बोलू लागतो, कुणी दुसऱ्याचं वाक्य तोडतो. घरमालकाच्या कवितेत भांडण सुरू आहे भाडेकरूच्या तोंडून, आणि शेवट होतो तो पोलिसांच्या शिट्ट्या आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत. भाडेकरूचा आवाज कापला गेला, हे सांगावं लागत नाही. मांडणीच ते सांगते.

याच पुस्तकात ‘हार्लेम’ ही अकरा ओळींची कविता आहे. पुढे ढकललेल्या स्वप्नाचं काय होतं, एवढंच ती विचारते. एक वाक्य सोडलं तर सगळी कविता प्रश्नांची आहे. उपमा घेतल्या आहेत त्या वाळलेल्या, नासलेल्या, ओझ्याखाली वाकलेल्या, रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टींच्या. शेवटचा प्रश्न स्फोटाचा. उत्तर कवी देत नाही. १९६४ साली हार्लेममध्ये दंगल उसळली तेव्हा लोकांना ही कविता आठवली यात नवल नाही. त्याआधीच, १९५९ साली, लॉरेन हॅन्सबेरीने आपल्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकाचं नाव या कवितेतून घेतलं होतं. ब्रॉडवेवर आलेलं ते कृष्णवर्णीय लेखिकेचं पहिलं नाटक.

मोठेपणाबरोबर पडझडही सांगितली पाहिजे. मार्च १९५३ मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या सिनेटर मॅकार्थी यांच्या समितीपुढे ह्यूजला उभं राहावं लागलं. त्याने कुणाचं नाव घेतलं नाही, पण आपल्या जुन्या क्रांतिकारी कवितांपासून अंग काढून घेतलं. १९५९च्या निवडक कवितांत त्या कवितांना जागा दिली नाही. त्याच संग्रहावर लिहिताना जेम्स बॉल्डविनने म्हटलं की या माणसाच्या अस्सल देणगीचं दर वेळी नवल वाटतं, आणि त्याने तिचं इतकं कमी केलं याची खंत वाटते. बॉल्डविनच्या टीकेत तथ्य आहे. ह्यूजने फार लिहिलं, पोटासाठी लिहिलं, आणि त्यातलं बरंचसं सैल आहे. पण बॉल्डविनला कवितेत एका धगधगत्या, स्वतःला सोलून काढणाऱ्या मनाची अपेक्षा होती. ह्यूजने आपलं मन कवितेत कधीच उघडं केलं नाही. दोन आत्मचरित्रं लिहूनही तो माणूस आपल्या हाती लागत नाही. मागे सरकण्याची ही दुसरी बाजू आहे. दुसऱ्यांना जागा देता देता कवी स्वतःबद्दल मुका राहिला.

त्याचा प्रभाव अमेरिकेपुरता राहिला नाही. १९३० साली हवानात त्याची निकोलास गियेनशी भेट झाली आणि त्याच वर्षी गियेनने क्यूबातल्या ‘सोन’ या लोकसंगीताच्या लयीत आपल्या कविता छापल्या. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या सेंगॉर आणि सेझेर यांनी काळेपणाचा अभिमान मांडणारी नेग्रित्यूदची चळवळ उभी केली, तेव्हा त्यांच्या वाचनात ह्यूज होता. ह्यूजनेही घेतलं तसं परत दिलं. गियेन, लोर्का, गाब्रिएला मिस्त्राल यांची भाषांतरं केली, आफ्रिकी लेखकांचे संग्रह संपादित केले. किशोरवयातल्या ग्वेंडोलिन ब्रुक्सच्या कविता वाचून तिला उमेद दिली. अ‍ॅलिस वॉकरची पहिली कथा त्याने १९६७ साली आपल्या संग्रहात घेतली. नीना सिमोनने गायलेलं ‘बॅकलॅश ब्लूज’ त्याचंच. मॅनहॅटनमधल्या शॉम्बर्ग सेंटरच्या फरशीखाली, नद्यांच्या नक्षीखाली, त्याच्या अस्थी आहेत.

आता मराठीशी असलेल्या नात्याबद्दल. ते जपून सांगायला हवं. ह्यूजच्या पहिल्या कविता छापणारे डुबॉइस यांना १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिलं आणि अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. साठच्या दशकात अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी दलित लेखकांचं लक्ष निग्रो साहित्याकडे वेधलं. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच तिकडून घेतलं. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक लिहिलं. इतका धागा पक्का आहे. यावरून नामदेव ढसाळांची कविता ह्यूजच्या वाटेने आली असं म्हणणं मात्र धाडसाचं होईल. ढसाळांची भाषा गोलपिठ्यातून आली आणि तिचा विस्फोट ह्यूजच्या मिस्कील संयमापासून पुष्कळ दूर आहे.

साम्य आहे ते अडचणीत. ढसाळांच्या १९७२च्या ‘गोलपिठा’ या संग्रहाला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती. पांढरपेशा वाचकाला त्या वस्तीत नेण्यासाठी ओळखीचा माणूस पुढे असावा, ही त्या वेळची गरज होती. ह्यूजच्या पहिल्या संग्रहालाही कार्ल व्हॅन व्हेक्टन या प्रतिष्ठित गोऱ्या लेखकाची प्रस्तावना होती. चौकट कवितेच्या आत असो की बाहेर, ती वाचकाच्या सोयीसाठी असते, आणि ती किती काळ ठेवायची हा वाचकाच्या तयारीचा प्रश्न असतो. आपल्याकडे बोलीतल्या लेखनाचं कौतुक करताना निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद तेवढे बोलीत, ही वाटणी अजूनही पुष्कळ ठिकाणी निमूट चालते. ह्यूजने ती वाटणी १९२७ साली मोडली आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या.

म्हणून ज्यांना हा कवी वाचायचा आहे त्यांना माझी शिफारस आहे ती ‘मोंटाज’ची. सुट्या गाजलेल्या कविता बाजूला ठेवा आणि ते पुस्तक सलग, शक्य झालं तर चार-पाच जणांनी आवाज वाटून घेऊन वाचा. एकट्याने वाचताना त्यातल्या कितीतरी ओळी साध्या, जवळजवळ किरकोळ वाटतात. आवाज वाटले गेले की कळतं, त्या ओळी कुणाच्या तरी तोंडच्या आहेत, समोर कुणीतरी ऐकणारा आहे आणि मध्ये भाड्याचा, भाकरीचा, अपमानाचा व्यवहार चालू आहे. कवीने स्वतःची छाप उमटवायचा मोह इतका आवरला आहे की त्याचं कौशल्य शोधावं लागतं. एखादी कविता सोपी म्हणून बाजूला ठेवण्याआधी तिच्यात कोण बोलतंय आणि त्याला बोलता यावं म्हणून कोण गप्प राहिलंय, एवढं विचारण्याची सवय या कवीमुळे आपल्या समीक्षेला लागली, तर मराठीतल्याही कित्येक ‘सोप्या’ कवींचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.